एक ना धड भाराभर चिंध्या? मग गोधडीच शिवा

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. पुण्यात ८४ घरांच्या सोसायटीत राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ चा. सासूबाई गेल्या वर्षी सांगलीकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. ऋतूप्रमाणे फिरावं, मुलांनी हाताने काही करावं, सोसायटीत मिळून काही उभं राहावं, अशी फार इच्छा आहे. काजवे बघून आलो, कासला जाऊन आलो, क्राफ्टची तीन किट मागवली, सोसायटीत 'हिरवा ग्रुप' काढला. सगळं दोन-तीन रविवारांत थंडावतं. रोजच्या धावपळीत हे बसवायचं कसं?

उत्तर :

तुमची यादी वाचली आणि आईची आठवण झाली. आम्ही भावंडं सुट्टीत दहा उद्योग एकदम काढायचो तेव्हा ती म्हणायची, "एक ना धड भाराभर चिंध्या." राग मानू नका. चिंध्यांशी माझं काही वाकडं नाही, त्यांच्यावरच माझं पोट चाललं. ३१ वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला, म्हणजे पोरांकडून माती, कागद, दोरा आणि कामट्या यांचं काहीबाही करून घेतलं. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत तेच चालू आहे. त्यामुळे जे सांगते ते बहुतेक फसून शिकलेलं आहे.

तुम्ही तीन खाती वेगवेगळी उघडलीत. फिरण्याचं एक, हस्तकलेचं एक, सोसायटीचं एक. प्रत्येकाला वेगळा रविवार, वेगळा खर्च, वेगळा उत्साह लागतो. नोकरी करणाऱ्या माणसाकडे तेवढे रविवार कुठून येणार? माझा हिशेब साधा आहे. एका ऋतूला एकच वस्तू धरायची. तिचं सामान किंवा नमुना बाहेर फिरताना मिळाला पाहिजे, ती घरी हाताने व्हायला पाहिजे, आणि शेवटी चारचौघांत वापरली गेली पाहिजे. तिन्ही कामं त्या एका वस्तूत उरकतात. आणि तारीख आपण ठरवायची नाही, ती ऋतूच देतो. दिवाळीचा किल्ला पुढच्या रविवारी ढकलता येत नाही. पळस चैत्रात थांबून राहत नाही. ग्रुपवर "कधी करू या?" असं विचारलं की ८४ घरांची ८४ उत्तरं येतात. "वसुबारसेला किल्ला तयार हवा" म्हटलं की कुणी विचारत बसत नाही.

किटचं थोडक्यात सांगते. किटमध्ये सगळं मोजून-कापून दिलेलं असतं, त्यामुळे मुलाला चुकायला जागाच नसते. कात्री वाकडी गेली, खळ पातळ झाली, मग काय केलं, ही जी भानगड असते तिच्यात मूल गुंतून पडतं. किटमध्ये ती भानगडच काढून टाकलेली असते. म्हणून तासाभरात खेळ संपतो आणि खोकं कपाटावर जातं.

तुमचं पत्र पितृपंधरवड्यात आलं हे फार बरं झालं. पुढचा महिना-दीड महिना वर्षातला सगळ्यात सोयीचा काळ आहे. तेव्हा सुरुवात किल्ल्याने करा.

किल्ला सगळेच करतात हे खरं. पण बहुतेक सोसायट्यांत दगडांचा ढीग, वर विकतचे मावळे आणि टोकाला महाराज, एवढंच असतं. तुम्ही आधी किल्ला बघून या. पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा, लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. गाडी काढू नका. लोकलचा सव्वा-दीड तास हा मुलांसाठी सहलीचा निम्मा भाग असतो. मळवलीहून भाजे गाव आणि पुढे गायमुख खिंड. खिंडीत उभं राहिलं की एका हाताला लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिकडे जाऊ नका, माणसांच्या रांगेतून माणसांची पाठ बघत चढावं लागतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी जा. पाऊस ओसरलेला असतो, उतारांवर सोनकीची पिवळी फुलं पसरलेली असतात आणि वाटा वाळायला लागलेल्या असतात. जमलं तर येताना भाजे लेण्यांत डोकावा. तिथल्या चैत्यगृहात दगडी छताला लाकडी कमानी लावलेल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला दगडात कोरतानाही लाकडी घर विसरवत नव्हतं. मुलांना एवढंच दाखवा, तारखा पुन्हा कधीतरी.

लोहगडावर प्रत्येक मुलाला एकच गोष्ट वाटून द्या. एकाने दरवाजे बघायचे, एकाने तळं, एकाने विंचूकाटा. कागद आणि पेन्सिल प्रत्येकाची, फोन मोठ्यांच्या खिशात. लोहगडाला ही वाटणी फार छान जमते. चढताना एकामागून एक चार दरवाजे लागतात : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. मधली वाट अशी वळत जाते की खालून पुढचा दरवाजा दिसत नाही. वर नाना फडणवीसांच्या काळातलं सोळा कोनांचं तळं आहे. आणि पश्चिमेला डोंगराची जी लांब सोंड निघते ती विंचवाच्या नांगीसारखी, म्हणून विंचूकाटा. एका वर्षी आमच्याकडच्या दुसरीतल्या मुलाकडे दरवाजे होते. तिसऱ्या दरवाज्यापाशी तो थांबला, मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "आजी, इथून खालच्याच्या डोक्यात दगड टाकता येतो." तटबंदीवरचा अख्खा धडा त्या वाक्यात आला. त्या वर्षीच्या आमच्या किल्ल्यात रस्ता पहिल्यांदा नागमोडी झाला, तोपर्यंत तो सरळ वर जायचा, घसरगुंडीसारखा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. लोहगड त्यांत आहे. मोठ्या मुलांना हे सांगितलं की त्यांची मान जरा ताठ होते, आणि कचरा न टाकण्याचं भाषण वाचतं.

आता बांधणी. कोजागरीनंतरच्या रविवारी सांगाडा उभा करा. विटा-दगड रचून त्यावर जुनं बारदान चिखलाच्या राड्यात बुडवून अंथरायचं. बारदान ओलं असतानाच हाताने दाबून कडे, घळी, माची काढायची, वाळलं की ते ऐकत नाही. वर चाळलेली माती. मुलं माती चाळायला जितकी भांडतात तितकी मावळे मांडायलाही भांडत नाहीत, तेव्हा चाळण्या दोन-तीन ठेवा. तळ्यासाठी जुनी थाळी पुरते. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी हळीव पेरायचं. मोहरीपेक्षा हळीव बरं, कारण पाणी लागलं की ते बुळबुळीत होतं आणि उभ्या उतारालाही चिकटून राहतं. मोहरी गडगडत पायथ्याशी येते आणि किल्ला टकला राहतो. पाणी हाताने शिंपडा किंवा फवाऱ्याने मारा. तांब्याने ओतलंत तर अर्धा डोंगर पार्किंगमध्ये येईल.

पार्किंगवरून आठवलं. आमच्याकडे पहिल्या वर्षी यावरूनच वाजलं होतं. चिखल गाड्यांच्या चाकांना लागला, डाग पडले, आणि समितीच्या बैठकीत दिवाळीभर तोच विषय. चूक आमचीच होती, कुणाला विचारलंच नव्हतं. आता जागा लेखी मागून घेतो, खाली जुना फ्लेक्स अंथरतो, आणि मागतानाच किल्ला काढायची तारीख सांगून ठेवतो. ती तारीख तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार. त्या दिवशी किल्ल्याची माती कुंड्यांत जाते, विटा जिन्याखाली. 'जागा केव्हा मोकळी होणार' हे आधीच सांगितलं की समितीतली निम्मी कुरकुर तिथेच संपते, असा माझा अनुभव आहे. शिवाय माती नेण्याच्या निमित्ताने जे लोक कुंडी घेऊन खाली उतरतात, त्यांची नावं मनात टिपून ठेवा. पुढच्या कामाला तेच येतात.

आकाशकंदील याच महिन्यात बसवायचा मोह होईल. पहिल्या वर्षी टाळा. कामट्या तासणं हे मोठ्या मुलांचं काम आहे आणि सहा वर्षांच्या मुलाचा त्यात फक्त हात कापतो.

थंडीत हुरडा. इथे हस्तकला वगैरे काही शोधत बसू नका, हुरडा खावा आणि यावं. फक्त एवढं बघा की जिथे जाल तिथे शेतकऱ्याने आगटी पेटवलेली असावी, गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली जात असावीत आणि गरम दाणे तुमच्या तळहातावर चोळून मिळावेत. सोबत लसणीची चटणी, गूळ, शेंगदाणे. जिथे ताटात वाढून देतात आणि शेजारी डीजे असतो, तिथून लवकर निघा. मुलाला एक कणीस स्वतःच्या हाताने चोळू द्या. हात पोळतो, फुंकर मारावी लागते, कूस नाकात जातं. तो दिवस त्याच्या लक्षात राहतो.

मग शिशिर, पानगळ. सोसायटीचं मिळून करायचं काम म्हणाल तर माझ्या मते याच्याइतकं सोपं आणि टिकाऊ दुसरं नाही. माघ-फाल्गुनात रोज सकाळी झाडूवाले पाचोळ्याचे ढीग करतात, आणि मग तो जाळला तरी जातो किंवा पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकला जातो. त्या ऐवजी एक पिंजरा करा. दहा फूट लांब आणि चार फूट उंच तारेची जाळी घ्यायची, गोल करून तारेनेच बांधायची, की तीन फूट व्यासाचा पिंजरा झाला. खाली फांद्यांचे तुकडे, म्हणजे हवा खेळते. वर पाचोळा, फूटभर झाला की शेणाचं पाणी किंवा आंबट ताक पाण्यात घालून शिंपडायचं, पायाने दाबायचं, पुन्हा पाचोळा. आंबा-फणसाची पानं चिवट असतात, ती आधी चुरडून घ्या नाहीतर पावसाळा आला तरी तशीच दिसतील.

सगळं गणित ओलाव्याचं आहे. पिंजऱ्यात हात घालून मूठभर पाचोळा पिळायचा : तळहात ओलसर झाला पाहिजे, पाणी ठिबकायला नको. कोरडा असेल तर वर्षभर ठेवा, पाचोळा पाचोळाच राहील. ठिबकत असेल तर वास मारेल आणि तिसऱ्या मजल्यावरून तक्रार येईल. ओलावा राखला तर चार-पाच महिन्यांत गच्च भरलेला पिंजरा चौथाईवर येतो आणि तळाशी चहापत्तीसारखं काळं खत लागतं. मुलांना त्यात हात घालायला लावा. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने पहिल्यांदा खत हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "हा तर पावसाचा वास आहे."

पाणी कुणी मारायचं यावर आमचा हा उद्योग एकदा मोडला होता. आम्ही सुबक तक्ता केला, घरोघरी वार वाटले, तक्ता लिफ्टमध्ये लावला. नव्याचे नऊ दिवस. महिन्याभरात तक्त्यावर फक्त दुधवाल्याचा नंबर वाचला जात होता. मग एका काकांनी तोडगा काढला : ज्याची गाडी पिंजऱ्याशेजारी उभी राहते त्याने पाणी मारायचं. तो रोज तिथे येतोच, नळ समोरच आहे. आज सहा वर्षं झाली, तो माणूस पाणी मारतो आहे, आणि आता कुणी पिंजऱ्यात प्लॅस्टिक टाकलं तर सगळ्यात जास्त तोच भडकतो. तुमच्याकडेही काम वाटताना हेच बघा, कोण कुठून रोज जातो. उत्साही माणूस मिळाला तर उत्तमच, पण त्या वाटेने रोज जाणारा माणूस जास्त उपयोगी पडतो.

सीड बॉलच्या, म्हणजे मातीत बी घालून वळलेल्या गोळ्यांच्या, नादाला मात्र लागू नका. एका जूनमध्ये आम्ही पोरांकडून पाचशे गोळे वळून घेतले आणि टेकडीवर फेकले. फोटो सुंदर आले. दिवाळीत जाऊन बघितलं तर एक रोप दिसेना. काही मुंग्यांनी नेले, काही उन्हात तडकले, उगवलेले गुरांनी खाल्ले असतील. नंतर एका वनस्पती जाणणाऱ्या बाईंनी हळूच सांगितलं की ती जागा गवताची आहे, तिथे झाडं लावायचा हट्टच चुकीचा. तेव्हापासून आमचा नियम, झाडं लावायचीच तर पाच, आणि तीन उन्हाळे पाणी घालायची तयारी असेल तरच.

पाचोळ्याच्याच दिवसांत पळस फुलतो. मुलांना घेऊन शहराबाहेरच्या माळावर जा. पान एकही नाही आणि झाड केशरी, लांबून दिसतं. जवळ गेलात की शिंजीर आणि साळुंक्या फुलांत डोकं खुपसून बसलेल्या असतात, म्हणून झाडावरची फुलं ओरबाडायची नाहीत, खाली पडलेली वेचायची. घमेलंभर फुलं आणली की बादलीभर रंग होतो. गरम पाण्यात रात्रभर भिजवा किंवा अर्धा तास उकळा, गाळा, धुळवडीचं पाणी तयार. पिवळसर केशरी येतो. त्यात चिमूटभर चुना टाकला की डोळ्यांदेखत गडद होतो. जादू म्हणून हे मुलांना एका वाटीत जरूर दाखवा, अंगावर टाकायच्या पाण्यात मात्र चुना नको.

याच रंगात कापड रंगवायचं असेल तर तुरटी विसरू नका. मी विसरले होते. आठवीच्या वर्गाकडून चाळीस सुती रुमाल रंगवून घेतले, शाळेच्या प्रदर्शनात मांडले, पालकांनी विकत घेतले, आणि पहिल्याच धुण्यात सगळे पांढरे. एका आजोबांनी तो पांढरा रुमाल शाळेत आणून माझ्या हातात दिला, एक शब्द बोलले नाहीत. कापड आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घ्यायचं आणि मग रंगात टाकायचं. तरीही तो उन्हात थोडा उतरतो, पण उतरतानाही दिसतो छान.

रानभाज्यांचं लिहिते कारण पुढचा पावसाळा आला की तुम्हाला कुणीतरी 'फोरेजिंग वॉक'ला, म्हणजे रानात भाज्या वेचत फिरायला, बोलावेल. जा, पण पिशवी रिकामी ठेवून. बघायचं, ओळखायचं, चाखायला बाजारात. टाकळा, कुरडू, करटुली एवढ्या तरी मुलांना ओळखता आल्या तर पुष्कळ. शेवळासारखी भाजी जाणत्या हाताची आहे, काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय घशाला खाज सुटते. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव जागोजागी भरतात. तिथे आदिवासी बायका भाजी विकतात आणि ती कशी करायची तेही सांगतात. जुडी घ्या, कृती विचारा आणि घरी करा. हाताचं काम, बाहेर जाणं आणि चार जणांचं पान, सगळं त्यात आलं.

काजवे आणि कास तुम्ही बघून आलात. ते सुंदरच आहे. पण अंधार असतो म्हणून जिथे जायचं तिथे आपणच हेडलाइट लावून जातो, आणि काजव्यांच्या अळ्या ज्या ओल्या मातीत असतात तीच तुडवतो. वर्षातून एकदा गेलात तर कुणी फासावर देणार नाही. पण त्यातून रोजच्या जगण्यात काही उतरत नाही, कारण तिथून हातात काही आणता येत नाही आणि आणूही नये. त्यापेक्षा वेताळ टेकडीवर महिन्यातून एकदा त्याच वाटेने जा. सहाव्या फेरीला तुमचा मुलगा सांगेल, "मागच्या वेळी हे झाड बोडकं होतं."

सोसायटीच्या लोकांबद्दल दोन-तीन गोष्टी. समिती नेमू नका, उद्घाटन करू नका, कामाच्या आधी नाव ठेवू नका. ज्या कामाला बोधचिन्ह आधी येतं त्याचं काम नंतर येत नाही, हे मी इतक्यांदा बघितलं आहे. ८४ घरांतून चार आली तरी काम होतं, आणि त्या चारांना "बाकीचे का आले नाहीत" हे रडगाणं ऐकवू नका. पैसे गोळा करण्यापेक्षा वस्तू मागा. बारदान, चाळणी, जुनी थाळी, जुन्या साड्या. वस्तू देणारा माणूस ती कुठे लागली हे बघायला खाली उतरतो. चौदा-पंधरा वर्षांची मुलं येत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार असते. त्यांना 'या' म्हणू नका, ड्रिल मशीन हातात द्या.

आता 'रोजच्या धावपळीत' हा तुमचा खरा प्रश्न. वर सांगितलेलं सगळं मिळून वर्षात दहा-बारा रविवार होतात. बाकीच्या दिवसांचं काय? त्याचं उत्तर तुमच्या घरात बसलेलं आहे, आणि तुम्ही ते पत्रात एका ओळीत उरकलंत.

सासूबाई. सांगलीकडच्या म्हणजे त्या गोधडी म्हणत नसतील, वाकळ म्हणत असतील. पितृपंधरवडा चालू आहे, घटस्थापनेच्या आधी गावी घरातल्या झाडून सगळ्या वाकळा ओढ्यावर धुवायला निघतात. तुमच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन आहे आणि दुलया ड्रायक्लीनला जातात. त्यांना या पंधरवड्यात चुकल्यासारखं होत असेल, बोलून दाखवत नसतील. आज संध्याकाळी त्यांना विचारा, तुमच्याकडे वाकळ कशी घालायचे?

मी शाळेत शिकवायचे तशी सांगते, त्या वेगळं सांगतील, त्यांचं ऐका. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. त्याच्या लांबीत चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अशी चार पदरी वाकळ होते, एका माणसाच्या मापाची. कापावं लागत नाही, भरावं लागत नाही. जणू लुगडं नेसून झाल्यावर पांघरायचं म्हणूनच तेवढं विणलं होतं. सहावारी साडेपाच मीटर, तिच्या तीन घड्यांत सहा फुटी तीन पदरी होते, वर-खाली एकेक जुनं धोतर किंवा चादर लावली की झालं. पण सुती पाहिजे. सिंथेटिक साडी सुईखालून सटकते आणि अंगाला चिकटते. जाड काठ आधी काढून टाकायचा.

जमिनीवर सपाट अंथरायची, चार कोपऱ्यांवर वजन, वरून हात फिरवून सुरकुती काढायची. मोठे कच्चे टाके आधी, म्हणजे पदर हलत नाहीत. मग काठापासून सुरू करून चारी बाजूंनी आत-आत येत जायचं, दोन ओळींत एका बोटाचं अंतर, साधा धावदोरा. उजवा हात वरून सुई घालतो, डावा खालून तिचं टोक चाचपतो. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला बारीक टोचे पडतात, वाकळ घालणारी बाई त्यावरून ओळखू येते. चार बायका चार बाजूंना बसल्या की मधला चौकोन लहान होत जातो आणि गुडघे एकमेकींना लागायला लागतात. बोलणं तोपर्यंत कुठल्या कुठे गेलेलं असतं.

मुलांना मोठी वाकळ देऊ नका. फूट-दीड फुटाचं बसकर द्या, चार पदरी. मुलगी आठ दिवसांत करेल. मुलगा सहाचा आहे, त्याला सुई ओवायचं काम द्या. त्याच्या डोळ्यांना दोरा दिसतो, आजीच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे त्याच्याशिवाय काम अडणार. सोसायटीत कुणाकडे बाळ येणार असेल तर दुसरी वस्तू दुपटं. प्रत्येक घराने एक जुनी मऊ साडी द्यायची, त्यातला हातभर तुकडा त्यात जाणार. चौघींना पाच-सहा दुपारी पुरतात. बाळाच्या बारशाला ते दिलं की तुमच्या 'हिरव्या ग्रुप'वर वर्षभर जे झालं नाही ते एका दुपारी होतं, लोक आपली साडी कुठली ते शोधायला लागतात.

आणि रोजचं म्हणाल तर हेच. टीव्हीसमोर रात्री वीस मिनिटं, एक-दोन ओळी. टोपलीत घडी करून ठेवली, उद्या उघडली. मीटिंग लांबली, मूल आजारी पडलं, आठवडाभर हात लागला नाही, तरी वाकळ रुसत नाही, जिथे सुई टोचून ठेवली होती तिथूनच पुढे जाते.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, गोधडीचा जाड सुती दोरा आणि लांब सुया मिळतात. दोन रंगांचे दोरे घ्या, नाहीतर मुलांना आपली ओळ सापडत नाही. सासूबाईंना खाली बसवत नसेल तर जेवणाच्या टेबलावर अंथरा, कडा लोंबतात त्या खुर्च्यांच्या पाठीवर टाका. साड्या निवडताना एकच बघा. कांजी केलेली कितीही जुनी असली तरी ती दोन पाण्यांतून काढल्याशिवाय घेऊ नका, सुई आत शिरत नाही आणि पहिल्याच संध्याकाळी मुलगी कंटाळून उठेल.